अशक्तपणा नव्हे हो, तपासायला पाहिजे: नर्व्ह-मसलचा डॉक्टर नेमकं काय बघतो

हातापायातली ताकद गेली की आपल्याकडं दोनच निदानं होतात. एकतर वारं गेलंय, नाहीतर अशक्तपणा आलाय. वारं गेलं असेल तर कुठल्यातरी गावात जाऊन झाडपाल्याचं औषध, आणि अशक्तपणा असेल तर सलाईन आणि ते लाल रंगाचं बीट्वेल्व्हचं इंजेक्शन. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचं मेडिकल आहे, काउंटरवर उभा राहून "भाऊ, ताकदीचं काहीतरी द्या की" हे मी रोज ऐकतोय. त्यातल्या बहुतेकांना खरंच काही मोठं झालेलं नसतंय, शुगर असते, थायरॉइड असतं, रक्त कमी असतं नाहीतर झोप नसते. पण अधूनमधून एखादा असा येतो की ज्याच्या मसलमध्ये किंवा नसेत खरोखर बिघाड असतोय, आणि तो सहा महिने, वर्षभर टॉनिक पीत फिरत असतो. अशा पेशंटचा खरा डॉक्टर म्हणजे न्यूरोमस्क्युलर आजार बघणारा न्यूरोलॉजिस्ट, आणि हा माणूस काय शिकलेला असतो, काय बघतो, हे फार जणांना माहीतच नाही म्हणून लिहितोय.

न्यूरोलॉजिस्ट म्हटलं की आपल्याला मेंदू आठवतो. लकवा, फिट, मायग्रेन. कोल्हापूरसारख्या गावात न्यूरोलॉजिस्टची ओपीडी बघा, निम्म्याच्या वर पेशंट ह्याच तीन गोष्टींचे. पण मेंदूच्या खालीही बरीच मोठी यंत्रणा आहे आणि ती बिघडली तरी माणूस तसाच लुळा पडतोय. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत मोटर न्यूरॉन नावाच्या पेशी असतात, तिथून नस निघते, नस मसलपाशी येऊन संपते, आणि दोघांच्या मधे एक बारीक फट असते. नस त्या फटीत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते, ते पलीकडं मसलवरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि मग मसल आकसतो. पंचगंगेवर ज्यांची मोटर आहे त्यांना हे लगेच कळेल: मोटर न्यूरॉन म्हणजे डीपी (ट्रान्सफॉर्मर), नस म्हणजे तार, ती फट म्हणजे स्टार्टर आणि मसल म्हणजे मोटर. उसाला पाणी येत नाही म्हणून कोणी पहिल्यांदाच मोटर उचलून रिवाइंडिंगला नेत नाही, वायरमन आधी सप्लाय कुठपर्यंत येतोय ते बघतो. हा डॉक्टर शरीरात तेच करतो. कारण डीपीचा आजार वेगळा, तारेचा वेगळा, स्टार्टरचा वेगळा, मोटरचा वेगळा, आणि पेशंटची तक्रार मात्र चौघांचीही एकच, की ताकद नाही.

मग हे ओळखतात कसं? एमआरआय काढून नव्हे. ह्या डॉक्टरांचं मोठं काम बोलण्यातच होतंय आणि त्यांचे प्रश्न ऐकले तर वाटेल हे काय घरगुती विचारायला लागलेत. उकिडवं बसलं की उठताना गुडघ्यावर हात टेकायला लागतो का? केस विंचरताना हात वर राहतो का? जोतिबाच्या पायऱ्या चढताना दम आधी लागतो का मांड्या आधी दमतात? ह्यातनं खांदा-कंबरेजवळचे मोठे मसल कळतात, आणि तिथं बिघाड असेल तर संशय मसलच्या आजारावर जातो. उलट कुलपात किल्ली फिरवता येत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही, चालताना पायातनं चप्पल निसटते आणि निसटलेली कळतसुद्धा नाही, असं असेल तर शेंड्याकडचा भाग गेलाय, म्हणजे बहुतेक नसेचं दुखणं. चप्पल निसटलेली कळत नाही ही गोष्ट फार महत्त्वाची बरं का, कारण मसलच्या आजारात संवेदना जात नाही, नसेच्या आजारात बहुतेक वेळा जाते.

दुसरा प्रश्न वेळेचा. दोन-चार दिवसांत झालं, दोन-चार महिन्यांत झालं, का गेली दहा वर्षं हळूहळू होतंय? आणि तिसरा, सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट असं होतंय का? एवढ्या तीन प्रश्नांत चांगला डॉक्टर अर्ध्याहून जास्त यादी खोडून टाकतो. मग तो बुटं-मोजे काढायला लावतो, चालायला लावतो, टाचेवर, चवड्यावर, एकेका मसलची ताकद ० ते ५ मध्ये लिहितो, हातोडीनं रिफ्लेक्स बघतो, कोपराच्या मागची नस बोटानं चाचपतो. ही चाचपायची सवय आपल्या देशात फार कामाची आहे कारण कुष्ठरोगात ती नस जाड होते, आणि कुष्ठरोग संपला असं आपण समजतो पण तसं नाहीये, अजूनही हात बधिर होण्यामागं तो सापडतोच, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो.

आता स्टार्टरच्या आजाराकडं येऊ, कारण मला स्वतःला ह्या विषयातलं सगळ्यात भारी प्रकरण हेच वाटतं. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. अमिताभ बच्चनना १९८४ च्या सुमाराला झालेला तो. ह्यात आपलंच शरीर मसलवरच्या त्या रिसेप्टरच्या विरोधात अँटिबॉडी तयार करतं. नस चांगली, मसल चांगला, मधे निरोप पोचत नाही. पेशंट सकाळी ठीक असतो, संध्याकाळपर्यंत पापणी खाली येते, एकाचे दोन दिसायला लागतात, जेवताना भाकरी चावता चावता जबडा थकतो, बोलताना आवाज नाकातनं यायला लागतो. लोक आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातात, चष्म्याचा नंबर बदलून आणतात, मग कोणतरी सांगतं टेन्शन घेऊ नका. ह्याची एक टेस्ट तर इतकी साधी आहे की हसू येईल: पडलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरायचा आणि पापणी वर आली का ते बघायचं. थंडाव्यानं त्या जोडणीचं काम थोडा वेळ सुधारतं. पुढं अँटिबॉडीची रक्ततपासणी असते, नसेला सेकंदाला दोन-तीन वेळा करंट देऊन मसलचा प्रतिसाद घटत जातो का ते बघतात, आणि छातीचा सीटी काढतात कारण छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते आणि दहा-पंधरा टक्के पेशंटमध्ये तिथं गाठ सापडते.

पायरिडोस्टिग्मिनची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात फरक आणि तीन-चार तासांत परत खाली, म्हणून ही गोळी जेवणाच्या आधी अर्धा तास घ्या असं सांगतात, म्हणजे चावायला गिळायला ताकद असते. हा मार्ग १९३४ साली मेरी वॉकर नावाच्या एका डॉक्टरीणबाईंनी लंडनमध्ये शोधला, ह्याच गटातलं जुनं औषध वापरून. स्टेरॉइडही देतात, पण इथं अनुभव लागतो, कारण मायस्थेनियात स्टेरॉइड एकदम मोठ्या डोसनं सुरू केलं तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत पेशंट बिघडू शकतो, अगदी व्हेंटिलेटरपर्यंत. म्हणून बरेच डॉक्टर थोड्यापासून सुरू करतात. वरवर बघितलं तर प्रिस्क्रिप्शनवर तीनच ओळी असतात, पण त्यामागं हा सगळा अनुभव असतो.

आणि हीच जोडणी आपल्या उसाच्या रानात रोज धोक्यात असते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावलेलं कळतही नाही, ना सूज ना दुखणं, पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही आणि श्वास थांबतो. बघणाऱ्याला वाटतं पेशंट पेंगतोय, पण तो पूर्ण शुद्धीवर असतो, फक्त डोळे उघडायची ताकद नसते. नागाचं विष मसलच्या बाजूला रिसेप्टर अडवतं, मण्यारीचं मुख्यतः नसेच्या टोकालाच मारतं, म्हणून नाग चावल्यावर प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिनचा (पायरिडोस्टिग्मिनच्याच गटातलं औषध) उपयोग होतो आणि मण्यारीच्या पेशंटला प्रतिविष देऊनही कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. गंमत बघा, मायस्थेनियात रिसेप्टर कमी होतात हे १९७३ साली सिद्ध झालं ते तैवानकडच्या मण्यारीच्या विषातल्या एका घटकामुळंच, तो घटक रिसेप्टरला असा घट्ट चिकटतो की त्यावरनं रिसेप्टर मोजता येतात. फवारणीची कीटकनाशकं, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट, तीसुद्धा ह्याच फटीत गोंधळ करतात, आणि पेशंट पहिल्या दिवशी सुधारला असं वाटून दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान उचलता येईना, श्वास घेता येईना असं होतंय. म्हणून फवारणीचं औषध पोटात गेलेल्या माणसाला एका दिवसात घरी न्यायची घाई करू नये.

तारेचा आजार म्हणजे जीबीएस, गियाँ-बारे सिंड्रोम. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडकडं साथ आली, दोनशेच्या वर पेशंट झाले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी हे नाव आलं. आधी जुलाब नाहीतर सर्दी-ताप, मग एक ते तीन आठवड्यांनी पाय जड, मग हात, रिफ्लेक्स गायब. त्या जंतूशी लढायला बनलेल्या अँटिबॉडी चुकून नसेवर जातात. हा आजार १९१६ पासून माहीत आहे आणि ह्यातले बहुसंख्य लोक पुन्हा चालायला लागतात, फक्त मधला काळ सांभाळायला पाहिजे. इथं अनुभवी डॉक्टर आणि नवखा डॉक्टर ह्यातला फरक दिसतो. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ आला, सगळे निवांत. पण ह्या आजारात फुप्फुस चांगलं असतं, श्वास ओढणारे मसल थकत असतात, त्यामुळं ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटी पडतो. म्हणून अनुभवी माणूस पेशंटला एका श्वासात १, २, ३ मोजायला लावतो. धडधाकट माणूस सहज ४०-५० पर्यंत जातो, हा विसापर्यंतसुद्धा पोचत नसेल तर आयसीयूत हलवा. साधारण चार-पाच पेशंटांमागं एकाला तरी व्हेंटिलेटर लागतो.

औषध म्हणजे आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातनं काढलेल्या अँटिबॉडी, शिरेतनं देतात), किंवा प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग बदलणं. दोन्हींचा गुण सारखाच. आयव्हीआयजीचा डोस किलोमागं २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. किंमत ऐकून नातेवाईक खुर्चीत बसतात. आणि जीबीएसमध्ये नुसत्या स्टेरॉइडचा उपयोग होत नाही हे कधीच सिद्ध झालंय, तरी कुठं कुठं अजून देतात.

मसलच्या आजारात डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. बहुतेक मुलग्यांनाच होतो, कारण जीन एक्स क्रोमोसोमवर आहे. तीन-चार वर्षांचा पोरगा, पोटऱ्या एकदम पैलवानासारख्या, आजी कौतुक करते, पण पळताना मागं राहतोय आणि जमिनीवरनं उठताना स्वतःच्याच मांडीवर हात चढवत चढवत उठतोय. ह्यात एक ठरलेला घोळ होतोय तो सांगायलाच पाहिजे. पोराला ताप येतो, रक्त तपासतात, एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं निघतं, लगेच कावीळ समजून लिव्हरची औषधं, सोनोग्राफी, कुठं कुठं तर लिव्हरच्या तुकड्याची तपासणीसुद्धा. आणि एसजीओटी-एसजीपीटी मसलमधनंही येतं हो! सीपीके, म्हणजे मसलमधनं रक्तात येणाऱ्या एन्झाइमची तपासणी, एकदा केली असती तर दहा-वीस हजार निघालं असतं, नॉर्मल दोनशेच्या आसपास असतं. नंतर जीनची एमएलपीए टेस्ट, बऱ्याच मुलांत तिथंच निदान होतं, मसलचा तुकडा काढायची गरज आता कमी पडते. हा आजार मुळापासून बरा होत नाही, पण स्टेरॉइडनं चालणं दोन-तीन वर्षं जास्त टिकतं, हृदयाचा इको वेळेवर केला तर पुढचं सांभाळता येतं, आणि आईची तपासणी झाली तर पुढच्या गरोदरपणात आधी कळू शकतं. निदान पाच वर्षं उशिरा झालं की तोपर्यंत घरात दुसरा पोरगा जन्मलेला असतो.

पण सीपीके वाढलं म्हणजे आजारच असंही नाही. गंगावेस नाहीतर मोतीबाग तालमीतला पैलवान सकाळी हजार जोर-बैठका मारून लॅबमध्ये गेला तर त्याचंही हजारात निघेल, आठवडाभर विश्रांतीनंतर खाली येईल. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही थोड्या लोकांत वाढतं. म्हणून कागदावर लाल अक्षरात आकडा आला की घाबरायचं नाही, माणूस बघून आकडा वाचायचा असतो.

आणि काही प्रकार असे की वाटतं जग बुडालं आणि संध्याकाळी पेशंट चालत घरी. लग्नात दाबून जेवला, दिवसभर राबलेला, पहाटे उठतोय तर पायच हलेनात. घरचे म्हणणार वारं गेलं. पोटॅशियम दीड-दोनवर आलेलं असतं. डॉक्टर ईसीजी काढून पोटॅशियम देतात, काही तासांत पाय हलतात. नंतर थायरॉइड बघावं लागतं, कारण वाढलेल्या थायरॉइडनंही हे होतंय.

डीपीचा आजार मात्र अवघड. एएलएस, ह्यात मोटर न्यूरॉन हळूहळू मरत जातात. स्टीफन हॉकिंगना १९६३ साली झाला, ते २०१८ पर्यंत जगले पण ते फारच अपवाद. बहुतेकांना काही वर्षंच मिळतात. रिल्युझोल हे औषध १९९५ पासून आहे, पण त्यानं काही महिने वाढतात, आजार थांबत नाही. मग तुम्ही म्हणाल एवढ्या शिकलेल्या डॉक्टरचा उपयोग काय? माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग इथंच आहे. एक म्हणजे हा एएलएस नाही हे सांगणं. पंधरा ते पंचवीस वयाचा पोरगा, एकाच हाताचा पंजा सुकतोय, थंडीत बोटं जास्तच वाकडी होतात, आणि घरच्यांनी मोबाईलवर वाचून रडारड केलेली. हा बऱ्याचदा हिरायामा नावाचा आजार निघतो, जपानमध्ये १९५९ साली वर्णन झालेला, आपल्याकडंही चांगलाच दिसणारा. मान वाकवली की मज्जारज्जू दबतो, साध्या एमआरआयमध्ये दिसेलच असं नाही, मान पुढं वाकवून एमआरआय काढावा लागतो, आणि तसं लिहून द्यायला आधी डोक्यात यायला लागतं. मानेला कॉलर लावायचा, काही वर्षांत आजार स्वतःहून थांबतो, पोरगं जगतं. नुसता मसल फडफडतोय पण ताकद शाबूत आहे अशी घाबरलेली मंडळीही भरपूर येतात, त्यातल्या बहुतेकांना काहीही नसतं.

दुसरं म्हणजे एएलएस असेलच तर पुढचा रस्ता आखून देणं. रात्रीचं बायपॅप (मास्कमधनं श्वासाला मदत करणारं मशीन) कधी लावायचं, गिळता येईना झालं की पोटात नळी कधी टाकायची, आवाज जायच्या आधी काय काय बोलून ठेवायचं, आणि कुठल्या जाहिरातीत पैसे घालवायचे नाहीत. स्टेमसेलच्या नावाखाली जमीन विकलेली माणसं आहेत आपल्या जिल्ह्यात, म्हणून हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

टेस्टमध्ये सगळ्यात बदनाम म्हणजे ईएमजी-एनसीएस, म्हणजे करंटची तपासणी. हाताच्या नसेत निरोप सेकंदाला साधारण ५० मीटर जातो, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. वेग कमी झाला तर नसेवरचं आवरण खराब, वेग बरा पण निरोपाचा जोर कमी तर आतली तारच तुटलेली. मग बारीक सुई मसलमध्ये घालतात आणि स्पीकरवर आवाज ऐकतात. भूल देत नाहीत, दुखतं, पण सोसण्याएवढं. जीबीएसच्या पहिल्या आठवड्यात ही टेस्ट नॉर्मलही येऊ शकते, हे माहीत नसलेला माणूस रिपोर्ट बघून पेशंटला घरी पाठवतो. मशीन कुठंही विकत मिळतं, सुई कुठल्या मसलमध्ये घालायची हे शिकायला मात्र वर्षं जातात.

किती वर्षं? एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच, मग एमडी मेडिसिन नाहीतर एमडी पेडियाट्रिक्स तीन, मग डीएम न्यूरॉलॉजी तीन. साडेअकरा झाली. मधे नीट, नीट पीजी, नीट सुपर स्पेशालिटी अशा तीन परीक्षा, सरकारी कॉलेजचा बाँड वेगळा. आणि एवढं करून डीएममध्ये नर्व्ह-मसल हा एक भागच असतो, खास त्यातच मुरायचं तर पुढं फेलोशिप, बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी, जिथं हे पेशंट रोज येतात. म्हणजे बाहेर पडेपर्यंत माणूस पस्तिशीच्या आसपास. कॅथलॅबवाल्या हार्टच्या डॉक्टरसारखी इथं मोठी प्रोसिजर नाही, एका पेशंटला तास जातो, आणि पैसे त्या मानानं कमी. म्हणून ह्या वाटेला कमीच जण जातात.

त्यामुळं आपल्या भागातली माणसं मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून बेंगळुरूला जातात, नाहीतर पुणे-मुंबई. दरवेळी जायची गरज नसते. निदान एकदा तिकडं करून घ्यायचं आणि पुढचं गावातल्या न्यूरोलॉजिस्टकडं चालू ठेवायचं, हा मार्ग बऱ्याच जणांना जमतो.

एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, लहान मुलांतला मोटर न्यूरॉनचा जनुकीय आजार. त्याबद्दल थोडक्यात, कारण सोळा कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. ते २०१९ साली अमेरिकेत आलेलं जीनचं औषध, लहान बाळांसाठी. त्याशिवाय रोज तोंडानं घ्यायचं रिसडिप्लाम आहे, २०२५ मध्ये त्याचं भारतीय जेनेरिकही आलं. केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे, त्यासाठी ठरवलेल्या केंद्रात नाव नोंदवावं लागतं, मुंबईचं केईएम त्यातलं एक. मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवा.

जाताना फाईल तारखेप्रमाणं लावून न्या, सगळ्यात जुना कागद खाली. पापणी संध्याकाळी पडत असेल तर घरीच मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण सकाळच्या अपॉइंटमेंटला ती हमखास वर असते. पोरगं जमिनीवरनं उठतानाचाही व्हिडिओ काढा. मायस्थेनिया असेल तर कुठल्याही डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला आधी सांगा, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली अँटिबायोटिक, जेंटामायसिन, शिरेतनं दिलेलं मॅग्नेशियम अशा काही औषधांनी तो आजार उसळतो, आणि जुलाब झाले म्हणून सिप्रो मागायला येणारे आमच्याकडं रोजचे आहेत. आणि सीपीके करायचं ठरलं असेल तर त्याआधी आठवडाभर जिम-तालीम बंद ठेवा, कमरेत कसलंही इंजेक्शन घेऊ नका, ईएमजीची सुईसुद्धा सीपीकेचं रक्त दिल्यावरच. नाहीतर आकडा सुईनंच वाढतो आणि परत सगळं पहिल्यापासून.